धार आणि उधार

चाकू या विषयावर समीक्षा लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न वाचकांनी विचारण्याआधीच घरातून विचारला गेला आहे. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. आजवर मी हाताळलेली शस्त्रं तीन : टाचणी, स्टेपलर आणि व्हाउचरं शिवायचं दाभण. आमच्या कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये एक बोथट सुरी आहे, पण ती चालवण्याचा मान माझा नाही. नोटांच्या गड्ड्यांना पिना मारायचे दिवस होते तेव्हा ती पिना उचकटायला लागत असे. २००१ साली रिझर्व्ह बँकेनं नोटांना पिना मारणं बंद करायला लावलं आणि सुरी बेकार झाली. पण डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद असल्यामुळं तिला घालवता येत नाही. मला तिच्याविषयी फार आपुलकी आहे. आम्हा दोघांची नोकरी याच कारणानं टिकलेली आहे.

"चाकूवर लेख? तुम्ही?" आमची ही म्हणाली, "अहो, मागच्या चतुर्थीला नारळ फोडताना तुम्ही फरशी फोडलीत."

खरं आहे. पण समीक्षकाला धंदा यावा लागत नाही, मत असावं लागतं. मला ते या दिवाळीत झालं, आणि तेही साडूंमुळं.

माझे साडू अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतात. तीन-चार वर्षांनी एकदा दिवाळीला बीडला सासुरवाडीस येतात आणि दोन दिवस आमच्याकडं पाटोद्याला काढतात. पाटोदा म्हटलं की लोक विचारतात, "ते आदर्श गाव का?" तर ते नव्हे. ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. आमचं पाटोदा बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं, बालाघाटाच्या डोंगरावरचं. आमच्याकडं आदर्श असं काही नाही; मात्र आमच्या तालुक्यातल्या गौखाडीला मांजरा नदी उगम पावते. उगम पावते आणि लगेच दुसऱ्या जिल्ह्यांकडं चालू लागते. धाराशिव, लातूर, बिदर करत शेवटी गोदावरीला मिळते. आमच्याकडं नदीसुद्धा जन्माला इथं येते आणि पोटामागं बाहेर जाते. माणसांचं तर विचारूच नका. दिवाळी झाली की अर्धा तालुका ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो, तो पाडव्याच्या आसपास परत येतो.

तर साडू आले. फराळ झाला, आणि त्यांनी बॅगेतून दोन डब्या काढल्या. मला वाटलं, अत्तर असावं. डबीत मखमल होती आणि मखमलीवर चाकू होता.

"टॅक्टिकल नाइफ," साडू हलक्या आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे प्रसंग आला तर उपयोगी पडणारा."

"कसला प्रसंग?"

साडू थोडे विचारात पडले. पंधरा वर्षांत प्रसंग आलेला नव्हता. घरपोच आलेली खोकी मात्र ते त्यानं उघडतात असं त्यांच्या मुलानं सांगितलं. हा आमचा भाचा सोळा वर्षांचा आहे आणि घरातली खरी माहिती त्याच्याकडूनच मिळते.

किंमत चारशेच्या वर होती. डॉलर. मी मनात गुणाकार केला आणि हातातली चकली बशीत ठेवली.

दुसऱ्या डबीतला चाकू भाच्याचा. त्याची किंमत शंभराच्या आत. मी दोन्ही हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणालो, "दोन्ही सारखेच दिसतात की."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. कारण बापलेकांत गेली दोन वर्षं याच एका वाक्यावरून भांडण चालू होतं.

साडूंचं म्हणणं असं : भाच्याचा चाकू म्हणजे चोरीचा माल आहे. पात्याच्या बुडाशी हे जे गोल भोक आहे, अंगठा घालून एका हातानं पातं उघडायचं, ते कोलोरॅडोतल्याच गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीचं. १९८१ साली त्यांनी पहिला घडीचा चाकू काढला. त्याला पात्यात गोल भोक होतं आणि मुठीवर खिशाला अडकवायची क्लिप होती, आपल्या फाउंटन पेनला असते तशी. आता आतलं कुलूप बघा. पातं उघडलं की मुठीचीच एक बाजू स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्यामागं टेकू देते. हे ख्रिस रीव्ह याचं. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेला कारागीर. या भाच्याच्या कंपनीनं भोक एकाचं उचललं, कुलूप दुसऱ्याचं उचललं, आणि वर आपलं नाव घातलं!

भाच्याचं म्हणणं असं : बाबा, त्या कुलपाची कल्पना तरी रीव्हची कुठं? त्याच्या आधी मायकेल वॉकरनं मुठीच्या आतल्या पातळ पट्टीचं कुलूप केलं होतं. आणि वॉकरच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, विजेच्या तारांचं काम करणाऱ्यांच्या चाकूंत तसलीच पट्टी होती. मग चोर कोण? रांगेत सगळ्यांत पुढं उभा आहे तो, की सगळ्यांत मागं?

"आणि भोक?" मी विचारलं. बँकेत असल्यामुळं मला भोकांचा अनुभव आहे.

भोकाचं प्रकरण आणखी मजेदार निघालं. त्याच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. पण गोल भोक हे आमचं बोधचिन्ह आहे, अशी कंपनीनं नोंद करून घेतली. म्हणून दुसऱ्या कंपन्या लांबट भोक पाडतात, अंडाकृती पाडतात, पण गोल पाडताना विचार करतात. जिथं मुळात काहीच नाही त्या जागेवर मालकी! मला याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडं अशा जागेला गायरान म्हणतात आणि तिच्यावरून कोर्टात तीन पिढ्या जातात.

अशा वादात बी. कॉम. माणसानं पडावं लागतं. मी दोघांना थांबवलं आणि सांगितलं, की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं असणं ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. तिचे प्रकार आहेत. पहिला प्रकार कर्ज : कागद केलेला, मुदत ठरलेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती अशी, तीन वर्षांच्या मुदतीवर. आपलीच म्हणायची आणि करार करून आणायची. (ती महाराजांनी वापरलेलीच, असा दाखला म्युझियम स्वतः देत नाही. म्हणजे तारण आहे, पण तारणाची कागदपत्रं अपुरी. अशी प्रकरणं आमच्याकडं कपाटभर आहेत.) दुसरा प्रकार हातउसनं : शेजारणीनं वाटीभर साखर नेली, वाटी आपली आली, साखर आली नाही, दोघीही बोलत नाहीत. चाकूची क्लिप त्यातली. ती आता सगळ्यांच्याच चाकूला आहे आणि कोणी मागत नाही. तिसरा प्रकार बुडीत कर्ज : रीव्ह आपल्या कुलपाला एक नाव देतो, जग त्याला दुसऱ्याच नावानं ओळखतं, चाकू मात्र त्याच पद्धतीचे करतं. आणि चौथा प्रकार चोरी. चोरीची व्याख्या सोपी आहे. आपण घेतलं की प्रेरणा, दुसऱ्यानं घेतली की चोरी.

"म्हणजे निकाल काय?" साडूंनी विचारलं.

"निकाल स्वयंपाकघरात," मी म्हणालो. दोन वाक्यांत निकाल देता आला असता तर मी बँकेत कशाला राहिलो असतो?

आधी सीताफळ घेतलं. बालाघाटचं, म्हणजे आमच्या घरचंच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं त्याच्या नावाची नक्कल करता येत नाही. साडूंनी खट् करून चाकू उघडला. तोवर आईनं सीताफळ दोन अंगठ्यांनी दाबून उघडलं, अर्धं खाल्लं आणि बिया मोजायला घेतल्या. सीताफळ बाद.

मग सुपारी. आईनं अडकित्ता काढला. साडूंनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "याला लॉक नाही?"

"कुलूप कशाला?" आई म्हणाली, "चोर येतोय का त्यात?"

मग विळी. विळीविषयी मला जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यावर अन्याय झालेला आहे. इतर सगळ्या हत्यारांत हत्यार फिरतं आणि भाजी बसून राहते. विळीत हत्यार बसून राहतं आणि भाजी फिरते. आमची बँक याच तत्त्वावर चालते. कारकून बसून राहतो, गिऱ्हाईक फिरतं. विळी पायाखाली दाबली की दोन्ही हात मोकळे. टोकाला खवणी, म्हणजे एका पाटावर दोन अवजारं. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरनं १८९७ साली अनेक पात्यांच्या चाकूची नोंद केली आणि आज लाल रंगाचा तो चाकू जगभर स्विस म्हणून ओळखला जातो. विळीला खवणी कोणी जोडली? कोणीतरी. ओलं खोबरं हवं होतं आणि दुसरं अवजार ठेवायला घरात जागा नव्हती, अशी कोणीतरी बाई. बंगाली बायका अशाच बसक्या पात्याला बोटी म्हणतात. मराठी बाईनं बंगाली बाईची उचलली की बंगाली बाईनं मराठी बाईची, याचा दावा अजून निकाली निघालेला नाही. कारण तो कोणी लावलेलाच नाही.

"हे सगळं ठीक आहे," साडू म्हणाले, "पण माझ्या चाकूचं पोलाद बघा. एस ३५ व्हीएन."

मला आधी तो आयएफएससी कोड वाटला. पण ते पोलादाचं नाव निघालं. आधी धातूची भुकटी, मग तिचं पोलाद. त्यात व्हॅनेडियम, नायोबियम वगैरे मंडळी. या पोलादाचं कौतुक साडू करत होते तोवर हिनं त्यांच्यापुढं लाल भोपळा ठेवला.

साडूंनी आवेशानं चाकू भोपळ्यात घातला. साडेतीन इंचांचं पातं मुठीपर्यंत आत गेलं आणि तिथंच राहिलं. पुढं जाईना, मागं येईना. आम्ही तिघांनी भोपळा धरला. "वाकडा जोर देऊ नका!" साडू ओरडले, "वॉरंटी जाते!"

"कोयता आणा," आई म्हणाली.

शेजाऱ्यांकडं कोयता होता, पण तो लोहाराकडं पाजवायला गेलेला. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडचे सगळे कोयते एक तर लोहाराकडं असतात नाही तर वाटेवर. तेव्हा ठरलं, की भोपळाच लोहाराकडं न्यायचा. पुढं मी, मागं दोन्ही हातांत भोपळा घेऊन साडू, भोपळ्यात रोवलेले चारशे डॉलर, आणि शेवटी मोबाइलवर चित्रण करणारा भाचा, अशी आमची मिरवणूक पाटोद्याच्या रस्त्यानं निघाली. वाटेत बँकेचे दोन खातेदार भेटले. त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि भोपळ्याकडं बघायचं सभ्यपणे टाळलं.

रस्त्याच्या कडेला घिसाडी लोहाराचं पाल होतं. मामा भट्टीपुढं बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरत होते आणि मामी घण घालत होत्या. हे या धंद्यातलं जुनं श्रमविभाजन. भोवती कोयता घ्यायला आलेली पाच-सहा माणसं. मामांनी भोपळा पाहिला, चाकू पाहिला, साडूंना पाहिलं.

"भोपळ्याला चाकू लावला का चाकूला भोपळा?"

त्यांनी एक तयार कोयता उचलला आणि भोपळ्यावर बेतानं टाकला. भोपळा उमलल्यासारखा दोन झाला आणि चाकू बाजूला पडला. साडूंनी तो उचलून पुसला, उघडमीट करून पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडला.

"बघू," मामा म्हणाले.

आता जे झालं त्याला मी खरी समीक्षा म्हणतो. माझी नव्हे. मामांनी चाकू एकदा साडूंना उघडू दिला. दुसऱ्यांदा स्वतः अंगठ्यानं खट् उघडला. पात्यावरून नख फिरवलं. पातं उन्हात धरलं.

"पाणी लई झकास दिलंय," ते म्हणाले. कारागिराचं कौतुक कारागिरासारखं कोणी करत नाही. "आमच्यानं असं व्हायचं न्हाई. पर हा सांधा हाय बगा. जितं सांधा, तितं मोड. अन् मूठ लोखंडाची कामून? घाम आला की सटकन जाईल."

"टायटॅनियम आहे," साडू म्हणाले.

"आसंल. घामाला काय म्हाईत?"

मग साडूंनी कोयता हातात घेतला आणि माझ्या पाहण्यात प्रथमच गप्प बसून ऐकलं. कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा. मोडकळीला आलेल्या गाडीचा पाटा भंगारात घ्यायचा, तापवायचा, तोडायचा, ठोकायचा. साडूंनी मान डोलावली. अमेरिकेत हौशी लोहार ५१६० नावाचं पोलाद घेतात, ते मुळात कमानपाट्याचंच, असं ते म्हणाले. वजन पुढं, म्हणजे हात कमी दुखतो. पुढं वळवलेलं नाक, म्हणजे ऊस पात्यावरून निसटत नाही. ऊस जमिनीलगत कापावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त. बोटभर खुंट वर ठेवला तर शेतकरी ओरडतो, आणि शेंड्याकडचं वाढं ठेवलं तर कारखाना. म्हणजे वाकून तोडायचं, उभं राहून साळायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एका हत्यारानं, दिवसभर, पाच-सहा महिने.

"हे नाक तुमचंच डिझाइन?" भाच्यानं विचारलं. पोरगं मूळ मुद्दा सोडत नाही.

मामा हसले. "मपलं कुटलं? मानसं कोल्हापूरकडं जात्यात, बेळगावकडं जात्यात. तितला कोयता बगत्यात. आल्यावर म्हनत्यात, मामा, तसलं नाक काढून द्या. मी काढून देतो. पुढल्या साली त्योच बगून तितला लोहार काढतो."

"मग मूळ कोणाचं?"

"ज्याला लागलं त्याचं," मामा म्हणाले. लागलं म्हणजे गरज लागली की कोयता लागला, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. मला वाटतं, दोन्ही.

बाजूला एक जोडपं उभं होतं. मामांनी त्यातल्या बाईच्या हातातला कोयता दाखवला. त्याची मूठ इतरांपेक्षा बारीक होती. दोन सालांमागं त्या बाईनं मामांना सांगितलं होतं, की मूठ जाड हाय, अंगठा बोटाला टेकत न्हाई, रातच्याला मनगट सुजतं. मामांनी मूठ तासून दिली. दुसऱ्या साली टोळीतल्या सगळ्या बायका आल्या, तसलीच मूठ मागायला.

भाच्यानं वडिलांकडं पाहिलं. कोलोरॅडोत या सुधारणेला नाव मिळालं असतं, क्रमांक मिळाला असता, मखमलीची डबी मिळाली असती. इथं तिला मनगट सुजायचं थांबलं एवढंच मिळालं. तेही, मामांच्या म्हणण्याप्रमाणं, थोडंच थांबलं.

आमच्या बँकेत एक खातं असतं. दहा वर्षं कोणी ठेव मागायला आलं नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. बेवारस ठेव. मला तिथं भट्टीपुढं उभं राहून वाटलं, की कोयत्याचं नाक, त्याची बारीक मूठ, विळीची खवणी ही सगळी अशीच बेवारस ठेव आहे. व्याज सगळे खातात. खातेदाराचं नाव विचारू नये. पोलादाचंही तेच. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यात निजामाबादेकडं कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. त्या जातीच्या पोलादाच्या तलवारी जगात गाजल्या, त्या दमास्कसच्या म्हणून. पोलाद दख्खनचं, नाव दमास्कसचं. आता अमेरिकेत दोन पोलादांचे थर ठोकून नागमोडी नक्षी काढतात आणि तिलाही दमास्कसच म्हणतात. म्हणजे उधारीवर उधारी. साडूंकडं तोही एक चाकू आहे. तो त्यांनी आणला नव्हता, हे बरं झालं. घरी दुसराही भोपळा होता.

परतताना मी साडूंना त्यांच्या चाकूचं नाव विचारलं. "सेबेंझा," ते म्हणाले, "झुलू भाषेतला शब्द. अर्थ, काम."

"आणि तो पहिला, भोकवाल्या कंपनीचा? १९८१ चा?"

"त्याचं नाव वर्कर. कामगार."

मी थांबलो. तिकडं चाकूला कामगाराचं नाव देतात. म्हणजे ज्या चाकूनं खोकी उघडायची, त्याचं नाव काम. आणि आमच्याकडं? आमच्याकडं कामगाराला चाकूचं नाव देतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. करार कोयत्याचा होतो. संप झाला तर त्याचं नाव कोयता बंद. एखाद्या दिवशी अंगात ताप भरला आणि कामावर गेलं नाही, तर कोयत्याचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारला चौकशी करावी लागली, तेव्हा बायकांनी सांगितलेल्या कारणांत हा खाडाही होता. वर्तमानपत्रांनी ते छापलं होतं, आणि मी ते बँकेत चहा पिता पिता वाचलं होतं. मग पुण्यात कोयता गँग निघाली आणि वर्तमानपत्रांत कोयत्याचा अर्थच बदलला. आमच्याकडचा शब्द उसना नेला आणि परत करताना त्याला रक्त लावून दिलं.

डिझाइनच्या चोरीवरून दोन वर्षं भांडणाऱ्या बापलेकांना मी हे सांगितलं. दोघांचंही एकदम एकमत झालं. माझ्या मध्यस्थीला आलेलं हे एकमेव यश.

साडू मामांकडून एक कोयता घेऊन गेले. भाव चारशे. तिकडं चारशे, इकडं चारशे. फरक फक्त चलनाचा. कोयता चेक-इनच्या बॅगेत, माझ्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून गेला.

दिवाळीनंतर बँक उघडली, आणि बारीक मुठीच्या कोयत्याचं ते जोडपं माझ्या काउंटरवर आलं. बाईच्या खात्याचं केवायसी करायचं होतं. गाडी दुपारी निघणार होती. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, आधार. व्यवसायाच्या रकान्याशी आलो आणि न विचारता लिहिलं : गृहिणी. वीस वर्षं मी बायकांच्या फॉर्मवर तेच लिहीत आलो आहे. हात आपोआप जातो. हे माझं घडीचं हत्यार; अंगठा लावला की खट् उघडतं.

"कमाई?" मी नवऱ्याला विचारलं.

"आमचा एक कोयता हाय, सायब," तो म्हणाला.

बाई काउंटरच्या काचेतून फॉर्मकडं बघत होती. तिला वाचता येतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तितं काय लिवलं?" तिनं विचारलं.

"गृहिणी."

"कामून? त्यातला अर्धा कोयता मपला हाय," ती म्हणाली. "त्यो लिवा."

नवऱ्यानं काही म्हटलं नाही. मागची रांगही गप्प होती. मी संगणकावर पाहिलं. व्यवसायाच्या यादीत नोकरी होती, शेती होती, व्यापार होता, गृहिणी होती आणि शेवटी "इतर" होतं. अर्धा कोयता नव्हता. कागदावर मात्र जागा होती. मी "गृहिणी" वर रेघ मारली आणि वर लिहिलं : ऊसतोड मजूर.

आमच्याकडं नियम असा, की खाडाखोड केली तर तिच्यावर पूर्ण सही लागते. मी पूर्ण सही केली. तिनंही केली, माझ्यापेक्षा स्वच्छ अक्षरात. पेन तिनं बोटांत तसंच धरलं होतं, अंगठा बोटाला टेकवून.

चाकूंची समीक्षा म्हणाल तर ती एवढीच. साडूंचा चाकू उत्तम आहे. भाच्याचा चाकूही उत्तम आहे. कॅशियरच्या ड्रॉवरमधली सुरी आणि मी, आमच्या दोघांची धार गेलेली आहे. पण त्या दिवशी खाडाखोडीपुरती मला थोडी लावून मिळाली. उधार.